वकिलाच्या कचेरीतील लेखी टिपण

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आले. आजोबा एकदाच ती पायरी चढले होते, तेही दुसऱ्याच्या बांधाच्या भांडणात साक्षीदार म्हणून. आणि त्यानंतर काळा कोट दिसला की ते रस्ता बदलत असत. अशा घरातील मुलीने उन्हाळ्याची सुट्टी जालन्याच्या एका वकिलांच्या कचेरीत काढावी, हे गावात कोणालाच पटले नाही. वडिलांनी मात्र एसटीच्या पासाचे पैसे दिले आणि म्हणाले, "जा. निदान आपल्या कागदावर काय लिहिलंय ते तरी कळंल."

पूर्वी ह्याला उमेदवारी म्हणत, आता इंटर्नशिप म्हणतात. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ती सक्तीची आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवडे ती करावी लागते. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही, बी. ए. च्या द्वितीय वर्षात आहे. परंतु पुढे एल्‌एल. बी. करण्याचा विचार असल्याने आमच्या सरांनी ओळखीच्या वकीलसाहेबांकडे शब्द टाकला. आपल्या महाविद्यालयातील आणखी काही जण ह्या वाटेने जाणार आहेत, असे कळते. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

मुंबई-पुण्यास मोठमोठ्या लॉ फर्म असतात, त्यांत पन्नास पन्नास वकील काम करतात, असे ऐकून आहे. आमच्या जालन्यात कचेरी म्हणजे पुढची एक खोली, दोन लाकडी कपाटे, अशिलांसाठी बाकडे, एक टंकलेखनाचे जुने यंत्र जे आता फक्त धूळ खाते, आणि एक संगणक. कचेरीत साहेब, एक ज्युनिअर वकीलताई आणि तीस वर्षांपासूनचे कारकून. कारकुनांना सगळे मामा म्हणतात. न्यायाधीश कोणत्या गोष्टीवर चिडतात येथपासून नक्कल विभागात कोणत्या खिडकीवर उभे राहावे येथपर्यंत सर्व शास्त्र मामांजवळ आहे.

पहिले चार दिवस मी फायलींवर नावे लिहिली. पाचव्या दिवशी संध्याकाळी साहेब कोट चढवता चढवता म्हणाले, "बेटा, मुलीला वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा मिळतो का, ह्यावर एक टिपण कर. परवा सकाळी दे." मी "हो सर" म्हटले, आणि तेथेच माझी पहिली चूक झाली.

टिपण म्हणजे निबंध नव्हे. आपण परीक्षेत 'स्त्रियांचा वारसाहक्क' ह्या विषयावर चार पाने लिहितो, तेव्हा वाचणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते. त्याला आपल्याला आले की नाही एवढेच पाहायचे असते. टिपण मागणाऱ्याला उत्तर हवे असते, कारण त्याच्यापुढे एक माणूस बाकड्यावर बसलेला असतो आणि त्या माणसाचे शेत उत्तरावर अवलंबून असते. म्हणून 'मुलीला हिस्सा मिळतो का' हा प्रश्न मुळी प्रश्नच नाही. कोणत्या मुलीला? तिचा विवाह कधी झाला? वडील हयात आहेत काय, नसल्यास कोणत्या साली वारले? जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली की आजोबांपासून आलेली? वाटणी झाली काय. झाली असल्यास तोंडी, नोंदणीकृत की कोर्टाच्या हुकूमनाम्याने? हे काहीएक न विचारता मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी वकीलताईंनी माझी वही पाहिली आणि विचारले, "अगं, तारखा कुठे आहेत?" वहीत एकही तारीख नव्हती.

त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. काम मिळाले की लगेच, साहेब उभे असतानाच, प्रश्न आपल्या शब्दांत वहीत लिहायचा आणि वाचून दाखवायचा. "सर, मी असे समजले, बरोबर आहे का?" ह्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. दहांतील पाच वेळा साहेब म्हणतात, "नाही, नाही, मला ते नको." टिपण कशासाठी हवे हेही तेव्हाच विचारून घ्यावे. अशिलाला दावा लावू की नको हे सांगण्यासाठी हवे असेल तर दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. उद्याच्या युक्तिवादासाठी असेल तर निवाड्यांच्या प्रती परिच्छेद क्रमांकासह लागतात.

माझ्या त्या प्रकरणाची हकीकत थोडक्यात सांगते. अशिलांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. बाईंचा विवाह १९९१ साली झालेला. वडील २००३ साली वारले. भावांनी फेरफार करून सात-बारावर फक्त आपली नावे लावली. वाटणीचा नोंदणीकृत कागद नाही, कोर्टाचा हुकूमनामाही नाही. बाईंना हिस्सा आहे काय?

कपाटात हिंदू कायद्याचे एक जाडजूड पुस्तक होते. ते इंग्रजी. आमचे शिक्षण झेडपीच्या शाळेत मराठीतून झालेले; एका पानाला मला पाऊण तास लागला. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश शेजारी ठेवला तेव्हा गाडी थोडी पुढे सरकली. (जिल्हा व तालुका न्यायालयाचे काम मराठीतून चालते, परंतु उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचे अधिकृत निवाडे इंग्रजीतच असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या काही निवाड्यांची मराठी भाषांतरे आता संकेतस्थळावर मिळतात. समजून घेण्यास ती फार बरी, पण कोर्टापुढे आधार इंग्रजी प्रतीचाच घ्यावा लागतो.) पुस्तकात मला जे सापडले ते असे.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क फक्त मुलग्यांना होता. महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती करून तो मुलींनाही दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी ज्यांचा विवाह झाला त्यांना वगळून. म्हणजे आमच्या बाई तीन वर्षांनी हुकल्या. नंतर केंद्राची दुरुस्ती आली, ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. तिने विवाहित-अविवाहित हा भेदच काढून टाकला. मला आनंद झाला. पण पुढच्याच पानावर 'प्रकाश विरुद्ध फुलवती' हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ सालचा निवाडा होता. त्यात म्हटले होते की ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील आणि मुलगी दोघेही हयात असतील तरच मुलीला हा हक्क. वडील तर २००३ सालीच वारलेले. मी जड मनाने, पण सुंदर अक्षरात, दोन पाने लिहिली: बाईंना जन्मतः हक्क पोचत नाही, फार तर वडिलांच्या वाट्यातला वाटा मिळेल.

साहेबांनी टिपण वाचले. रागावले नाहीत. चष्मा काढून एवढेच विचारले, "बेटा, हा निवाडा आज जिवंत आहे का?"

मला प्रश्नच कळला नाही. निवाडा काय मरतो? मग त्यांनी पुस्तकाचे पहिले पान उघडून दाखवले. आवृत्ती २०१७ ची होती. मी तीनशे पाने उलटली होती, पण पहिले पान पाहिले नव्हते. पुढे २०१८ मध्ये 'दानम्मा' प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्याच दुसऱ्या पीठाने, वडील २००५ पूर्वी वारलेले असूनही, मुलींना हिस्सा दिला. दोन सारख्याच पीठांचे दोन सूर झाले, म्हणून प्रश्न तीन न्यायमूर्तींपुढे गेला. ११ ऑगस्ट २०२० रोजी 'विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा' ह्या निवाड्यात त्यांनी ठरवले की हा हक्क जन्माने मिळतो, म्हणून २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. 'फुलवती' त्या दिवशी रद्दबातल झाला. वडील वारल्यावर जुन्या कलमाप्रमाणे जी कल्पित वाटणी धरत असत ती केवळ हिशेबापुरती, खरी वाटणी नव्हे, हेही तेथेच स्पष्ट झाले. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत कागदाने किंवा हुकूमनाम्याने झालेली वाटणी तेवढी सुरक्षित राहिली. तोंडी वाटणीची सबब न्यायालये सहसा मानणार नाहीत. मानलीच तर सरकारी कागदांचा भक्कम पुरावा असेल तरच. आणि फेरफाराने मालकी ठरत नाही, ती नोंद महसुलापुरती असते, हे तर फार पूर्वीपासून ठरलेले आहे.

म्हणजे उत्तर नेमके उलटे. माझ्या सुंदर अक्षरावर विसंबून साहेबांनी त्या बाईंना "काही होणार नाही" म्हणून परत पाठवले असते तर? त्या बाई त्याच वेळी बाहेरच्या बाकड्यावर बसल्या होत्या. पिशवीत भाकरी बांधून आणली होती. ती पिशवी मला अजून दिसते.

तेव्हा निवाडा सापडला की काम संपले नाही, तेथून सुरू झाले असे समजावे. तो कोणत्या न्यायालयाचा, किती न्यायमूर्तींचा, कोणत्या सालचा, आणि त्यानंतर त्याला कोणी बदलले, बाजूस सारले की उचलून धरले, हे पाहिल्याशिवाय तो टिपणात लिहू नये. राज्यघटनेच्या १४१ व्या अनुच्छेदाप्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे, आणि त्या न्यायालयातही मोठ्या पीठाचे म्हणणे लहान पीठाला मानावे लागते. पूर्वी हे सर्व नागपूरहून निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरच्या खंडांत शोधावे लागे. आमच्या कचेरीत ते अर्धे कपाट भरून आहेत आणि उन्हाळ्यात त्यांतून पालीही निघतात. आता सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ई-एससीआर ह्या संकेतस्थळावर २०२३ पासून विनामूल्य मिळतात. गरीब विद्यार्थ्याला ही मोठीच सोय झाली.

कायद्याचेही तसेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. आता खुनाचे कलम ३०२ नव्हे, १०३. फसवणुकीचे ४२० नव्हे, ३१८. पण त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनेच कलम. म्हणजे येथेही आधी तारीख, मग कायदा. (गावात मात्र 'चारसोबीस' ही शिवी काही बदलायची नाही.)

दुसरे काम ह्याहून अवघड निघाले, आणि त्यात मी सर्वांत जास्त रमले. एका जुन्या कुळाच्या नातवाचा प्रश्न होता. मी मोबाईलवर शोध घेतला तर कूळकायद्याविषयी भराभर माहिती मिळाली: १९४८ चा कायदा, कलम ३२, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. सगळे उतरवून घेतले. मामांनी वही पाहिली आणि हसले. "पोरी, हा तिकडचा कायदा. आपण निजामाकडले."

खरी गोष्ट अशी आहे की महाराष्ट्रात कूळकायदे एक नव्हे, तीन आहेत. जुन्या मुंबई इलाख्याच्या भागाला १९४८ चा, विदर्भाला १९५८ चा, आणि आपल्या मराठवाड्याला हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९५०. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले आणि मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला, पण जमिनीचा कायदा आपला आपण घेऊन आला. त्यात 'संरक्षित कूळ' म्हणून एक स्वतंत्र वर्ग आहे, आणि कलम ३८-ई प्रमाणे सरकारने अधिसूचनेने ठरवलेल्या तारखेपासून मालकी त्याच्याकडे जाते. कृषकदिनाचा येथे संबंध नाही. मोबाईलवरची माहिती खोटी नव्हती. ती दुसऱ्या मुलखाची होती. पुण्यात लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकांतही पुष्कळदा मराठवाड्याला तळटीपेत जागा मिळते, ही माझी तक्रार मी येथे नोंदवून ठेवते.

पुढे कागद आले. जुन्या नोंदी उर्दूत, आणि सन फसली. मामांनी हिशेब शिकवला: फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येते. फसली १३५० म्हणजे १९४०-४१. हे मिळवणे साधे, पण ते ज्याला ठाऊक नाही त्याला चौदाव्या शतकातील कागद हाती लागल्याचा भास होतो. मला झाला होता. उर्दू वाचण्यासाठी जुन्या जालन्यातील एका वृद्ध गृहस्थांकडे गेलो. त्यांनी चहा पाजला, भिंग लावून ओळ ओळ वाचली आणि शेवटी म्हणाले, "यहाँ एक लफ़्ज़ मिटा हुआ है, मैं अंदाज़ा नहीं लगाऊँगा." टिपणात मीही तसेच लिहिले: ह्या ठिकाणी एक शब्द पुसट आहे, वाचता येत नाही. साहेबांनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि "उत्तम" असे लिहिले. दोन महिन्यांत मिळालेले ते एकमेव 'उत्तम'.

शिवाय जालना जिल्हा १ मे १९८१ चा. त्यापूर्वी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे औरंगाबाद जिल्ह्यात आणि आमचे परतूर परभणी जिल्ह्यात. म्हणून कागद येथे नाही म्हणजे कागदच नाही, असे टिपणात लिहू नये. 'जालना येथे आढळला नाही, परभणी येथे पाहणे बाकी' असे लिहावे.

आता लिहिण्याविषयी. सर्वांत वर प्रश्न, एका वाक्यात. त्याखाली लगेच उत्तर, दोन-तीन वाक्यांत. मला हे विचित्र वाटे. निबंधात आपण शेवटी निष्कर्षाला येतो. परंतु साहेब टिपण कोर्टाच्या जिन्यात उभ्याने वाचतात, त्यांना शेवटच्या पानापर्यंत जायला सवड नसते. उत्तरानंतर हकीकत तारखांसह, मग कलम जसेच्या तसे, मग निवाडे. आपल्या विरुद्ध जाणारा निवाडा सापडला तर तो लपवू नये. उलट त्याला अधिक जागा द्यावी, कारण समोरचा वकील तो काढणारच आहे. त्यावेळी आपल्या साहेबांना तो आधी ठाऊक असलेला बरा. जे सापडले नाही ते कोठे कोठे शोधले हेही लिहावे, म्हणजे वकीलताईंना तेच पुन्हा शोधावे लागत नाही. वेळ पुरत नसेल तर आदल्या दिवशी सांगावे. सकाळी रिकाम्या हाताने जाऊन सांगू नये. मी एकदा तसे केले, त्याचे वर्णन येथे करत नाही.

एक मोह मात्र सांगितलाच पाहिजे. मोबाईलवर आता कृत्रिम बुद्धिमत्तेला प्रश्न विचारला की क्षणात मराठीतून उत्तर येते, निवाड्यांच्या नावांसकट. माझ्यासारखीला, जिला इंग्रजीच्या एका पानाला पाऊण तास लागतो, हे कल्पवृक्षासारखे वाटते. परंतु २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये 'माटा विरुद्ध एव्हियान्का' ह्या विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी अशाच यंत्राने दिलेले निवाडे कोर्टात दाखल केले, आणि ते निवाडे अस्तित्वातच नव्हते असे निघाले. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड केला. ते तर मुरलेले वकील होते. मी अवघड इंग्रजी परिच्छेदाचा अर्थ कळावा म्हणून यंत्राची मदत घेते, पण मूळ निवाडा स्वतः उघडून तो परिच्छेद डोळ्यांनी पाहिल्याखेरीज त्याचे नाव टिपणात घालत नाही. पाऊण तास लागतो तर लागो. आता तो अर्ध्या तासावर आला आहे.

गुप्ततेचे बंधन वकिलाइतकेच त्याच्या कचेरीतल्या माणसांवरही आहे. पूर्वी ते १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १२६ व १२७ मध्ये होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. शहरात हे सोपे असेल. आमच्या एसटीत मात्र चढल्या चढल्या विचारतात, "काय गं, आज कोणाची तारीख होती?" मी म्हणते, "मी नुसती फायलींची धूळ झटकते." ते खोटेही नसते.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री आई भाकरी थापत होती. त्या अशील बाईंविषयी मी घरी चकार शब्द काढला नव्हता. पण कायदा काही गुप्त नसतो, तो मी वडिलांना समजावून सांगत होते. आई ऐकत होती. थापता थापता तिने विचारले, "मग माझ्या माहेरचं गं?"

मी वही काढली. वर प्रश्न लिहिला. तुझे लग्न कोणत्या साली? आजोबा कधी वारले? जमीन त्यांची की पणजोबांची? मामांनी कधी सही मागितली होती का? आईने तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाली, "सही कुठली, अंगठा. परतूरला नेलं होतं, रजिस्ट्री हापिसात. हक्कसोड म्हणाले. पोळ्याच्या आदल्या दिवशी. तुझा दादा तेव्हा मांडीवर होता."

दादा आता पंचवीस वर्षांचा आहे. नोंदणीकृत हक्कसोडपत्र म्हणजे काय, ते रद्द करून घ्यायचे तर १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे वस्तुस्थिती कळल्यापासून तीनच वर्षे मिळतात, हे मी तोवर वाचले होते. आईला कागद वाचून दाखवला होता काय, त्यात काय लिहिले आहे हे तिला केव्हा कळले, ह्या प्रश्नांवर बरेच काही अवलंबून आहे, हेही वाचले होते. मी तसे तिला सांगितले. ती म्हणाली, "भाऊबीजेला साडी घेतात ते दरवर्षी. तू आपलं लिहून ठिव नुसतं."

मी लिहून ठेवले आहे. प्रश्न, हकीकत, तारखा. उत्तराच्या जागी 'कागदाची नक्कल पाहणे बाकी' असे लिहिले आहे. नक्कल परतूरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात मिळते. त्यासाठी अर्ज करावा लागेल, आणि तो करायचा की नाही हे अजून आईने सांगितलेले नाही.